बसस्टॉपवरचे भिंगवाले

बायको जाऊन वर्षही उलटलं नाही, तोवर भिंगवाल्यांनी समोरच्या बसस्टॉपवर कुणाशीतरी सूत जमवलंय, अशी बातमी त्यांच्या इमारतीत फिरत होती. इमारतीला लिफ्ट नव्हती, पण बातमीला जिन्याचा दम लागत नाही. ती तळमजल्यावरून निघून तिसऱ्या मजल्यावर पोचली, वाटेत दोन ठिकाणी बसून चहा प्यायली, आणि पोचेपर्यंत चांगली अंगाने भरली.

पुरावा भक्कम होता. संध्याकाळी दुकानातून सुटले की भिंगवाले सरळ घरी जायचे नाहीत. इमारतीच्या समोर, रस्त्यापलीकडे बसस्टॉप होता, तिथे बाकावर बसायचे. कानात इअरफोनची बोंडं, हातात फोन, मान खाली. बस यायची, दार उघडायचं, ड्रायव्हर यांच्याकडे बघायचा, हे ड्रायव्हरकडे बघायचे, आणि बस निघून जायची. ज्याचं घर समोर दिसतंय त्याला बसस्टॉपचं काम काय? शिवाय स्टॉपच्या पाठीला लॉन्ड्री, लॉन्ड्रीत एक बाई, बाईंच्या हातात गरम इस्त्री. सुतावरून स्वर्ग गाठणाऱ्यांना इथे सूत नव्हे, आख्खा दोरखंड मिळाला होता.

"एकटेच हसतात हो," पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणायच्या. त्यांच्या गॅलरीतून स्टॉप अगदी नाटकाच्या पहिल्या रांगेतून दिसावा तसा दिसायचा. पण ते हसणं बाईंनी आपल्या पदरचं घातलेलं. भिंगवाल्यांना हसताना त्या दिवसांत कोणीच पाहिलं नव्हतं. रडतानाही नाही.

माणूस तसा साधा. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायचं काम. पुढे काउंटरवर लोक आरशात बघून नाकं वेडीवाकडी करणार, आणि मागे हे पाण्याच्या धारेखाली भिंग धरून चाकावर कड उतरवणार, फ्रेममध्ये बसवून बघणार, नाही बसलं की पुन्हा चाकावर. बायको गेल्यावरही ते हेच करत राहिले. चाक फिरायचं, पाणी पडायचं, भिंग बसायचं. जेवणाची वेळ झाली की जेवायचे. भूक लागलेली असायचीच असं नाही. कोणी काही म्हटलं की उत्तर एकच: "बरं." भेटायला आलेल्या एका नातेवाइकाने खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "मन मोकळं करा, रडून घ्या." भिंगवाले म्हणाले, "बरं." आणि पाहुण्यांना पाणी आणायला आत गेले.

बायको मात्र वेगळंच पाणी. हॉस्पिटलात कंप्युटरच्या तारा आणि जोडण्या सांभाळायची. वॉर्डातला कंप्युटर बसला की भलेभले डॉक्टर तिच्या मागे "मॅडम, जरा बघता का" करत फिरायचे, आणि ती त्यांना सांगायची, "आधी पिन लावलीय का बघा." घरात तिने चपलांच्या कपाटात वरच्या फळीवर एक काळा डबा ठेवला होता. त्यात सिनेमे, गाणी, लग्नाच्या फिती, सगळं भरलेलं. वरून हिरवा दिवा लुकलुकायचा. सासूबाई त्याला पेटी म्हणायच्या.

सासूबाई म्हणजे तिची आई. गुडघे गेलेले, डोळे अधू, तीन मजले उतरणं कधीचंच बंद. लेक-जावयाकडेच राहायच्या. त्यांना वाचनाचं वेड, आणि वाचायला डोळे नाहीत. तेव्हा लेकीने कादंबऱ्या मोठ्याने वाचून आवाज भरायला सुरुवात केली. सुट्टीच्या दिवशी दार लावून बसायची आणि प्रकरणामागून प्रकरण वाचायची. ते सगळं त्या डब्यात जायचं. डब्याला इंटरनेटवर एक नावही घेतलेलं होतं, "आईचा कोपरा". टॅबलेटवर त्या नावावर बोट ठेवलं की डबा उघडायचा. घरातून उघडा, परगावाहून उघडा, नाव तेच. आईला दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागू नयेत म्हणून तिने ते तसं बांधलं होतं.

आजारपणातही वाचन थांबलं नाही. शेवटची कादंबरी होती एका जहाजावरच्या स्वयंपाक्याची. ती तिने पुरी केली, आणि मग गेली. सासूबाई ती कादंबरी पुरवून पुरवून ऐकत होत्या. लहान मूल चॉकलेट चाटतं तशी. आज थोडी, उद्या थोडी. जहाज धुक्यात अडकलं होतं तिथवर आल्या होत्या.

आणि घरातला राउटर जळला. विजेचा झटका आला, दिवे गेले, दिवे आले, राउटर काही आला नाही. कंपनीचा माणूस नवा घेऊन आला, भिंतीला टांगला, म्हणाला, "काका, हा जास्त पळतो." पळत असेलही. टॅबलेटवर बाकी सगळं उघडायला लागलं. फक्त "आईचा कोपरा" उघडेना. एक पांढरं चक्र गोल गोल फिरायचं आणि शेवटी लिहून यायचं, की या ठिकाणी पोचता येत नाही.

"पेटी बिघडली," सासूबाई म्हणाल्या.

"दिवा तर लागतोय," भिंगवाले म्हणाले.

"दिवा माझ्या डोळ्यांतही लागतो. दिसतं का?"

कंपनीच्या माणसाला परत बोलावलं. तो आला, डब्याच्या दिव्याकडे बघितलं, आपला फोन काढला, नाव टाकलं. झटकन उघडलं. "हे काय काका! चालतंय की," म्हणाला, आणि शिडी खांद्यावर टाकून गेला. तो गेल्यावर टॅबलेटवर चक्र पुन्हा गोल गोल.

मग बायकोच्या हॉस्पिटलातला सहकारी, ज्याला तिथे सगळे वायरवाले म्हणत, त्याला फोन लावला. त्याने आपल्या घरून नाव टाकून बघितलं. "वहिनींचं काम आहे, ते कुठे पडतंय! इकडे ठणठणीत उघडतंय. तुमचा टॅबलेट म्हातारा झाला असेल."

"बरं," भिंगवाले म्हणाले. टॅबलेट ठेवला, आपला फोन घेऊन बघितला. फोनवरही चक्र.

दुसरा कोणी असता तर इथे हट्टाला पेटला असता, कंपनीच्या माणसाला शिव्या घातल्या असत्या, वायरवाल्याला घरी ओढून आणलं असतं. पण भिंगवाल्यांच्या आत त्या दिवसांत पेटणारं काही नव्हतं. सगळे म्हणतात चालतंय, तर चालत असेल. आपल्या घरात चालत नाही, तर नसेल चालत. बरंच काही घरात चालेनासं झालं होतं, त्यात हे एक.

एका संध्याकाळी दुकानातून येताना, रस्ता ओलांडायला थांबले असताना, सहज सवयीने त्यांनी नावावर बोट ठेवलं. उघडलं. बसस्टॉपवर, लॉन्ड्रीच्या वाफेत उभे असताना कानात बायको बोलायला लागली. धुकं, शिट्टी, भांड्यांचा आवाज, स्वयंपाक्याचा भाऊ किनाऱ्यावर सुटून राहिलेला. आणि वाक्याच्या मध्येच ती म्हणाली, "अहो, पंखा बंद करा ना, घरघर येतेय." मग पुन्हा धुकं.

भिंगवाले बाकावर बसले. वाट बघितली, की आता काहीतरी होईल. रडू येईल. आलं नाही. पायांजवळून बस निघून गेली. लॉन्ड्रीवाली बाई आतून म्हणाली, "काका, तुमची बस गेली."

"जाऊ दे," भिंगवाले म्हणाले.

त्या दोघांत आजवर झालेलं संभाषण इतकंच. बाकी सगळं पहिल्या मजल्यावर तयार झालं.

आवाज चालू ठेवूनच ते घराकडे निघाले होते, सासूबाईंना ऐकवायचा म्हणून. जिन्याच्या शेवटच्या वळणावर, स्वतःच्या दाराच्या अलीकडे, आवाज तुटला. पुन्हा खाली गेले, पुन्हा आला. पुन्हा वर, पुन्हा गेला. तेव्हा त्यांनी सासूबाईंना सांगितलं, "आई, ती खाली बोलते. घरात बोलत नाही."

सासूबाईंनी विचारलं, "भांडण झालं होतं का तुमचं?"

"नाही."

"मग मला खाली न्या."

पण नेणार कसं? गुडघ्यांनी कधीच हात वर केले होते. खुर्चीत बसवून उचलून न्यायचं तर चार माणसं लागणार, आणि चार माणसांनी उचलून नेण्याची घाई आपल्याला नाही, असं सासूबाईच म्हणाल्या. मग असं ठरलं, की भिंगवाल्यांनी स्टॉपवर बसून ऐकायचं आणि वर येऊन सांगायचं. हा तोडगा सासूबाईंचा. त्यात एकच खोट होती: सांगणारे भिंगवाले होते.

"जहाज धुक्यातून निघालं," भिंगवाले जेवताना सांगायचे.

"मग?"

"मग बंदर आलं."

"आणि?"

"उतरले."

"कोण उतरले? कसे उतरले? भाऊ होता का तिथे? अहो, तुमच्या तोंडून बारसं आणि बारावं सारखंच ऐकू येतं! राहू द्या. पुढचं सांगू नका. शेवट मला माझ्या लेकीच्या तोंडून हवाय."

"बरं."

त्यानंतर सांगणं बंद झालं, बसणं मात्र बंद झालं नाही. भिंगवाले रोज जात राहिले. कादंबरी संपल्यावर त्याआधीची लावली, मग त्याआधीची. का जातो, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. पाय तिथे थांबायचे.

आणि वर सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागल्या. एके दिवशी म्हणाल्या, "जावईबापू, राग मानू नका. मी इथे राहिले ती लेकीपाशी. लेक गेली, तरी आवाज होता. आता तोही नाही. मग मी इथे नेमकी कुणापाशी राहतेय?"

हा प्रश्न भिंगवाल्यांपाशी बरेच दिवस होता. ते म्हणाले, "जेवण वाढू?"

इतक्यात पहिल्या मजल्याने आपलं काम चोख बजावलं. धाकट्या लेकीचा, म्हणजे भिंगवाल्यांच्या मेहुणीचा नंबर बाईंकडे कुठून आला देव जाणे. पण "तुमच्या कानावर घालणं माझं कर्तव्य" अशी सुरुवात करून त्यांनी तासभर कर्तव्य केलं. मेहुणी शाळेत गणित शिकवायची, आवाज वर्गात पोचावा तसाच फोनवर पोचायचा. तिने आईला विचारलं. आईने सांगितलं, अगं ते ताईचा आवाज ऐकायला खाली बसतात, घरात लागत नाही. मेहुणी म्हणाली, "आई, बाहेर चालतं आणि घरात चालत नाही, असं कुठे असतं? काहीही सांगतात तुला." आणि येत्या सुट्टीला गाडी घेऊन येते, तुला उतरवायला माणसं मी बघते, बॅग भरून ठेव, म्हणाली.

आली. चप्पल काढायच्या आधीच सुरू झाली.

"भावोजी, मी स्पष्ट विचारते. बसस्टॉपवर कुणाला भेटता?"

"कुणाला नाही."

"मग काय करता?"

"बसतो."

"घरात खुर्च्या नाहीत?"

"आहेत," भिंगवाले म्हणाले, आणि एक पुढे सरकवली.

आता यावर माणसाने भांडावं तरी कसं? ती बसली. आईची बॅग पलंगाशी भरलेली होती. लुगडी, औषधं, जपून ठेवलेला जुना चष्मा. मेहुणीने टॅबलेट उचलला, खालीवर केला, ठेवला. मग स्वतःचा फोन काढला. "काय नाव ते ताईचं? आईचा कोपरा ना?" बोट ठेवलं.

खोलीत बायको बोलायला लागली.

मोठ्याने, स्वच्छ, जणू आतल्या खोलीतून. "प्रकरण पंधरावं," ती म्हणाली, खोकली, आणि वाचायला लागली. सासूबाई कोपरांवर उठल्या. मग मेहुणीने अगदी हळू, जो आवाज तिच्या विद्यार्थ्यांनी कधी ऐकला नसेल अशा आवाजात विचारलं, "भावोजी. हे चालतंय. इथेच, या खोलीत. तुम्ही आईला सांगितलंत की चालत नाही?"

सासूबाईंनी जावयाकडे बघितलं. अधू डोळ्यांना जेवढं दिसत होतं तेवढं बघितलं. "म्हणजे चालत होतं," त्या म्हणाल्या.

भिंगवाल्यांना कळलं, की आपण इथे काहीतरी म्हटलं पाहिजे. खोटारडा ठरण्याच्या वेळी माणूस निदान तोंड उघडतो. त्यांनी उघडलं, आणि आत काही सापडलं नाही, म्हणून मिटलं. बॅगेची चेन अर्धी उघडी होती ती त्यांनी वाकून लावली. ते बघून मेहुणीला काय वाटायचं ते वाटलं.

आवाज मध्येच अडखळला. "तुमच्या भिंतींत रेंज पण धड येत नाही," मेहुणी करवादली. "वायफायचा पासवर्ड काय आहे? ते लावते म्हणजे आई एवढं प्रकरण तरी नीट ऐकेल. मग निघू."

पासवर्ड राउटरच्या पोटावर चिकटवलेला होता. तिने घातला. हातात होतं तेवढं वाक्य बायकोने पुरं केलं, आणि थांबली. मेहुणीने पुन्हा नावावर बोट ठेवलं. पांढरं चक्र. गोल गोल गोल.

"हे काय?"

"हेच," भिंगवाले म्हणाले.

मेहुणी गणिताची. तिने वायफाय काढलं: आवाज आला. लावलं: गेला. काढलं, लावलं. फोन तोच, खुर्ची तीच, नाव तेच. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला, उत्तरपत्रिका तपासताना आपणच उत्तर चुकीचं धरलं होतं हे कळावं तसा. तिने सासूबाईंकडे बघितलं नाही, भावोजींकडेही नाही. "वायरवाल्यांना फोन लावा," म्हणाली.

वायरवाल्यांनी सगळं ऐकलं आणि पलीकडून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. "अहो, नवा राउटर घातला हे मला सांगितलंच नाहीत!"

"तुम्ही विचारलं नाहीत," भिंगवाले म्हणाले.

"असं बघा. तुम्ही घरात बसून ते नाव घेता. नाव बाहेर जातं, पत्ता विचारतं. पत्ता येतो तो तुमच्याच दाराचा. आता घरातला माणूस घरातूनच आपल्या दारावर बाहेरून थाप कशी मारणार? काही राउटर समजून घेतात, वळवून आत आणतात. तुमचा हा नवा नाही आणत, गोंधळून उभा राहतो. वहिनींनी जुन्याला शिकवून ठेवलं होतं, की हे नाव घरातून कोणी घेतलं तर बाहेर पाठवूच नकोस, सरळ डब्याकडे धाड. जुना जळला, शिकवणीही त्याच्याबरोबर गेली. नव्याला कोणी सांगितलंच नाही."

"पण तुम्ही तर म्हणालात उघडतंय," मेहुणी म्हणाली.

"उघडतच होतं हो! मी माझ्या घरून बघितलं. कंपनीवाल्याने त्याच्या फोनच्या नेटवर बघितलं. आम्ही सगळ्यांनी बाहेरूनच बघितलं. आत बसून कोणी बघितलं नाही."

मग तो सांगत गेला आणि मेहुणी टाइप करत गेली. राउटरच्या आत शिरायची वाट, तिथल्या एका रकान्यात नाव, नावापुढे डब्याचा घरातला नंबर. एकच ओळ. राउटर बंद करून चालू केला. सासूबाईंनी स्वतःच्या बोटाने टॅबलेटवरचं नाव दाबलं.

उघडलं.

"आवाज वाढवा," त्या म्हणाल्या.

स्वयंपाक्याची कादंबरी त्या दिवशी शेवटपर्यंत वाजली. भाऊ बंदरावर होता. त्याने आधी भावाला ओळखलं नाही, आणि मग भांड्याच्या आवाजावरून ओळखलं. सासूबाई हसल्या, डोळे पुसले, आणि जावयाला म्हणाल्या, "आणि तुम्ही म्हणे, 'उतरले'!" मेहुणीने पदर तोंडाला लावला होता. भिंगवाले ऐकत होते. त्यांनी पुन्हा एकदा वाट बघून पाहिली. काही झालं नाही. ते उठून कप विसळून आले.

गाडी खाली उभी होती. मेहुणी म्हणाली, "आई, भावोजींना मी भलतंच बोलले. माझी चूक. पण तू चलच. ताईचा आवाज आता माझ्याकडेही लागेल, नाव कुठूनही उघडतं. इथे दिवसभर एकटी भिंतीकडे बघत पडतेस."

बोलणं बिनतोड होतं. आवाज तर तिकडे आधीपासूनच लागला असता. आवाजासाठी या घरात राहायचं काही कारण उरलं नव्हतं, किंबहुना कधी नव्हतंच. सासूबाईंनाही ते कळलं. त्या बॅगेकडे बघत राहिल्या.

"जावईबापू, तुमचं काय म्हणणं?"

मेहुणी थांबली. भिंगवाल्यांच्या ओठांवर "बरं" येऊन उभं होतं, रोजच्या जागी. एवढं म्हटलं असतं की बॅग खाली गेली असती, आणि संध्याकाळी त्यांना कुठेही बसायला आडकाठी नव्हती.

"मला हल्ली काही वाटत नाही, आई," ते म्हणाले. "कशाचंच. वाटायला लागलं की सांगेन. तोवर राहा."

सासूबाईंनी यावर विचार केला. "म्हणजे बेमुदत," त्या म्हणाल्या. मग धाकटीला म्हणाल्या, "तू ये गं पुढच्या महिन्यात. तुझ्या बाथरूमचा उंबरठाही फार उंच आहे."

मेहुणी रिकाम्या गाडीने गेली. जाताना पहिल्या मजल्यावर दोन मिनिटं थांबली म्हणतात. तिथे काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण नंतर बरेच दिवस गॅलरीचं दार लावलेलं असायचं. भिंगवाल्यांनी दुसऱ्या दिवशी काचा घासल्या, संध्याकाळी रस्ता ओलांडला आणि सरळ जिना चढले. वर टॅबलेट सुरू होता. सासूबाईंनी नव्याने पहिली कादंबरी लावली होती. ते पलंगाशेजारच्या खुर्चीत बसले आणि जेवणाची वेळ होईपर्यंत बसून राहिले.

स्टॉपवरचा बाक रिकामा दिसायला लागला तेव्हा इमारतीत नवी बातमी निघाली, की मोडलं वाटतं त्यांचं. लॉन्ड्रीवाल्या बाईच्या कानावर ती कधी गेलीच नाही.

बसस्टॉपवर भिंगवाले कोणाला भेटत नव्हते. ते नाव घरातून उघडत नव्हतं आणि तिथून उघडत होतं, म्हणून ते तिथे बसत होते.